पान उलटण्याआधी

दिवा जरा इकडे सरकवा. सांगताना समोरच्याचा चेहरा दिसलेला बरा. आणि मध्येच "खरंच का हो?" असं विचारू नका. मी चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. जे घडलं नाही ते सांगायची मला सवय नाही, आणि या वयात नवी लावून घ्यायची इच्छाही नाही.

माझं नाव अंबिका सातोणकर. परभणीत एकटी राहते. वडील मानवतला शाळामास्तर होते, त्यांनी मला नवव्या वर्षीच मोडी शिकवली. आमच्या भागात आता मोडी वाचणारे फार उरले नाहीत, म्हणून लोक घरी येतात. कुणी देवस्थानची सनद आणतं, कुणी पणजोबांची पत्रं. मी वाचून देते. भीती हा विषय आमच्या घरात कधीच नव्हता. वडील म्हणायचे, अंधारात काय असतं? उजेडात जे असतं तेच.

गेल्या वैशाखात एका सकाळी दोन बायका दारात आल्या. सासू आणि सून. देवगाव फाट्याच्या पुढे एक वाडी आहे, तिथून एसटीने आल्या होत्या. सासू तानुबाई, ऐंशीच्या पुढच्या. अंगाने चिपाड झालेल्या, पण पाठ ताठ. सून सुलाबाई पन्नाशीची. तिने शेजारच्या गावात माझं नाव ऐकलं होतं. त्यांच्याकडे वाचून घ्यायला कागद मात्र एकही नव्हता.

तानुबाईंची एक थोरली बहीण होती, मनकर्णा. निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. शिरसगव्हाणच्या राजांच्या महालात राणीसाहेबांच्या हाताखाली एक पोर हवी होती. बापाने मनकर्णाला नेऊन घातलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. दोन वर्षं ती तिथे राहिली. सणावाराला घरी यायची, धाकट्या तानीला मांडीवर घेऊन गाणी म्हणायची. मग पोलीस ॲक्शनची धामधूम आली. महालातली माणसं हैदराबादला गेली. पाऊसकाळ सरता सरता बाप लेकीला आणायला गेला आणि एकटाच परत आला. उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, पळाली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. पितरपाटात सगळ्यांच्या नावाने घास ठेवला जायचा, तिच्या नावाने नाही. पळालेल्या पोरीची बहीण म्हणून तानुबाईंचं लग्नही दोनदा मोडलं.

हे सगळं सुलाबाईनेच सांगितलं. तानुबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. शेवटी त्या बोलल्या.

"म्या मरायच्या आदी मला कळाया पायजे. पळाली आसंल तर पळाली. सुखात ऱ्हायली आसंल तर बेसच हाय. पर कळाया पायजे."

मी म्हटलं, बघते.

शिरसगव्हाणचा महाल जिंतूरच्या रस्त्यावरून आत गेलं की लागतो. राजे म्हणजे फार मोठे नव्हेत. निजामाने ज्यांना राजा म्हणवून घेऊ दिलं अशा लहान घराण्यांपैकी एक. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. खाली तलवारी, मेणा, काचेच्या डोळ्यांचा एक पेंढा भरलेला बिबट्या. शाळांच्या सहली येतात, बिबट्यासमोर फोटो काढतात आणि जातात. वरच्या मजल्यावर संशोधन ग्रंथालय आहे, ते मात्र कुणाला ठाऊक नसतं. महालाची सगळी दप्तरं तिथे आहेत, लाल कापडात बांधलेली. अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. साडेतीनशे रुमाल आहेत.

ग्रंथपाल महारुद्रअप्पा. कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट, बोलणं हळू. सत्तावीस वर्षं तिथेच काम करत होते. मी अर्ज भरून दिला तेव्हा मला एक गोष्ट दिसली. त्यांची टेबल-खुर्ची ग्रंथालयाच्या आत नव्हती. बाहेर, सज्जात, दारापासून चार पावलं लांब. आत कूलर असून हा माणूस बाहेरच्या झळांमध्ये बसायचा.

कोणत्या रुमालात काय, हे त्यांना तोंडपाठ होतं. महालाचा एक रोजनामा होता, म्हणजे दिवसभरात काय घडलं त्याची रोजची नोंद. शेवटची काही वर्षं तो योगीराज नावाच्या कारकुनाने लिहिला होता. मला हवी ती दोन वर्षं त्यांनी काढून दिली. मग किल्ली हातात ठेवता ठेवता म्हणाले, "म्याडम, एक इनंती हाय. मनात वाचा. मोठ्यानं वाचू नका."

मला वाटलं, ग्रंथालयाचा नियम. पण आत दुसरं कुणीच नव्हतं.

ती खोली पूर्वी राणीसाहेबांचं पोथीघर होती. हातभर जाड भिंती, एकच दार आणि छताजवळ तीन बारक्या जाळ्या, त्यांनाही उन्हासाठी पुठ्ठे लावलेले. भर वैशाखातल्या दुपारी तिथे तिन्हीसांजेइतका काळोख होता. टेबलावरच्या दिव्याचा पिवळा गोल तेवढा उजेड, बाकी सगळं त्याच्या पलीकडे. जुन्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा वास. आणि त्याखाली आणखी एक वास, करडईच्या तेलात भिजलेल्या वातीचा. कूलर घरघरत होता. मी बसले आणि रुमालाची गाठ सोडली.

तुम्हाला मोडीचं एक सांगायला हवं. मोडीत आधी वर एक लांब रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली लिहीत जातात, हात न उचलता. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, ते कळत नाही. सगळी ओळ एक शब्द. डोळ्यांना जे सुटत नाही ते जिभेला सुटतं. म्हणून मोडी वाचणारा माणूस अडला की पुटपुटतो. माझे वडील पुटपुटायचे, मीही पुटपुटते.

दोन तास मी मनात वाचलं. मग एका ओळीशी अडले आणि सवयीने तोंड उघडलं. त्याच वेळी वीज गेली. कूलर थांबला. दिवाही गेला, म्हणून मी मोबाइलचा उजेड कागदावर धरला आणि वाचत राहिले.

माझ्या मागून कुणीतरी तीच ओळ वाचत होतं.

अर्ध्या श्वासाने मागे. मुलीचा आवाज. खेड्यातला, आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर लांबवणारा, पोथी वाचताना लांबवतात तसं. मी थांबले, तोही ओळ पुरी करून थांबला. मला वाटलं, घुमट आहे, घुमतंय. मान वर केली. छत सपाट होतं. मी मोठ्याने "परभणी" म्हटलं. काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. पुन्हा कागदावरची ओळ वाचली, आणि पुन्हा तो आवाज मागोमाग आला.

पुढची नोंद महालात आलेल्या जिनसांची होती. मी वाचलं, "गाडीभर सरण आले."

आवाज म्हणाला, "गाडीभर सरपण आले."

मी कागद डोळ्यांशी धरला. सरपणच होतं. मधलं एक अक्षर मी गाळलं होतं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला भीती नाही वाटली, राग आला. इतक्या वर्षांत मोडीत मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मग हळूहळू मानेवर गार लागायला लागलं... बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं.

मी उठून टेबलांखाली बघितलं, कपाटांमागे बघितलं. कुणी नव्हतं. दार उघडून बाहेर आले. अप्पा खुर्चीतच होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. "मोठ्यानं वाचलं न्हवं तुमी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडंसंच होतं. नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तो आवाज ऐकला होता. तेव्हापासून ते आत एक अक्षर मोठ्याने वाचत नाहीत. तिने कधी कुणाला हात लावला नाही. पण एकदा लांबून एक अभ्यासक आले होते, हुशार, धीट. ते तिच्याबरोबर दिवसभर वाचत बसले. संध्याकाळी अप्पा दार लावायला गेले तर ते रुमाल बांधून ठेवून रिकाम्या टेबलाकडे बघत मान डोलावत होते, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. हात धरून त्यांना जिना उतरवावा लागला. आपल्या टिपणांचे कागद घेऊन जायलाही ते पुन्हा आले नाहीत.

"ती मागनं वाचती तवर काई न्हाई," अप्पा म्हणाले. "पर तिला म्होरं जाऊ देऊ नका, म्याडम. तुमी पान उलटायच्या आदी ती वाचाया लागली की उठून या."

त्या रात्री मला झोप चांगली लागली, हे मी मुद्दाम सांगते. पडल्या पडल्या विचार केला: मी एका मुलीचा शोध घ्यायला गेले आणि तिथे एक मुलगी वाचते आहे. यात पळून जाण्यासारखं काही नाही. उलट कामाचं माणूस आयतंच भेटलं.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या वर्षाचा रुमाल घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अप्पांनी दारातून एकदा बघितलं आणि ते खुर्चीकडे परतले.

आम्ही दोघी वाचत होतो. मी पुढे, ती मागे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. योगीराजाचं अक्षर मोत्यासारखं होतं. चैत्रात राणीसाहेबांविषयी एक नोंद आली: "बाईसाहेबांचे डोळ्यांस पडदा आला. पोथी वाचवत नाही. मनकर्णा नामे मुलगी तीन महिन्यांत वाचावयास शिकली, ती वाचून दाखविते." स्वतःच्या नावाशी आवाज अडखळला. मग अगदी हळू, मनकर्णा, मनकर्णा, असं दोनदा म्हणाला. आपलं नाव लिहिलेलं पहिल्यांदाच सापडावं तसं.

माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसला आणि पुढे गेले.

आषाढात आणखी एक नोंद होती. मुलगी वाचता वाचता दमून थांबली म्हणून बाईसाहेब रागावल्या. आम्ही थांब म्हणू तेव्हाच थांबायचे, मध्ये थांबशील तर घरी जाणे नाही, अशी ताकीद दिली. ही ओळ वाचताना आवाज माझ्या जवळ आला. आता तो पाठीमागे नव्हता, उजव्या खांद्याशी होता. वातीचा वास दाट झाला.

श्रावण वद्य एकादशी. इथे अक्षर घाईचं होतं. राज्य जाणार अशी हूल उठली होती. बाईसाहेब रात्रभर झोपल्या नाहीत, पोथीघरात पोथी वाचून घेत बसल्या. पहाटे एकदम निघायचं ठरलं. छकडे तीन, मेणा एक. "गडबड फार. पोथीघरास मी स्वहस्ते कुलूप घातले." पान संपलं.

पान उलटायला मी कोपरा चिमटीत धरला, आणि आवाज पुढे वाचू लागला.

"भाद्रपद वद्य प्रतिपदा. हैदराबादेहून माघारी आलो..."

अप्पांचं बोलणं मला आठवलं. उठायला हवं होतं. पण खरं म्हणजे मला उठायचं नव्हतं. मला कळायला हवं होतं. तानुबाई माझ्या ओसरीवर बसून जे म्हणाल्या तेच. मी पान उलटलं. आवाज जे वाचत होता तेच तिथे लिहिलेलं होतं, अक्षर न् अक्षर. योगीराजाचे मोती आता विस्कटलेले होते.

"...पोथीघर उघडिले. मनकर्णा दिव्याशी बसली तैसीच आढळली. पोथी मांडीवर. विसावा दिवस. महालात माणूस नव्हते, हाक कोण ऐकणार. ती दुसऱ्या छकड्यात असेल असे मी धरून चाललो. चिंचेखाली मूठमाती दिली. आज तिचा बाप आला. त्यास सांगितले, पळोन गेली. हे लिहितो, कारण तोंडाने बोलवत नाही."

लिहिलेलं तिथे संपत होतं. खाली अर्धं पान कोरं होतं. आवाज संपला नाही.

"थांबू का?" ती म्हणाली.

मी पान मागून-पुढून बघितलं.

"बाईसाहेब... थांबू का?"

मी "थांब" म्हटलं. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, श्रावण वद्य एकादशी... माझ्या खांद्याशी, कानाशी, त्याच लयीत, लांबवलेल्या शेवटांसह. माझं थांब म्हणणं चालत नव्हतं. मी तिची कुणीच नव्हते. मी रुमाल बांधला. तीनदा बांधल्यावर गाठ बसली. बाहेर आले आणि सज्जाच्या कठड्याला धरून उभी राहिले. हो, घाबरले होते. पण मला सगळं कळलं होतं, आणि पुढे काय करायचं तेही.

तानुबाईंना इथे आणायचं, हे अप्पांना पटलं नाही. म्हातारं माणूस हाय, ते म्हणाले, काई झालं तर कसं व्हायचं. मी म्हटलं, सत्त्याहत्तर वर्षं झालीच आहेत, आणखी काय व्हायचंय.

तिसऱ्या दिवशी मी गाडी करून सासू-सुनेला घेऊन आले. वाटेत तानुबाईंना सगळं सांगितलं, आवाजासकट. सुलाबाई पदराने तोंड झाकून रडली. तानुबाई रडल्या नाहीत. खिडकीतून बाहेर नांगरून पडलेल्या काळ्या रानाकडे बघत होत्या. "पळाली न्हवती," असं एकदाच म्हणाल्या. मग म्हणाल्या, बाप वीस दिवस आधी गेला असता तर.

जिना त्या एकेक पायरी बसत चढल्या. आत आल्यावर मी त्यांना खुर्ची दिली, पण त्या फरशीवरच बसल्या. मी ते पान काढलं आणि वाचायला लागले. पहिल्याच ओळीला तिचा आवाज आला. सुलाबाईला नीट ऐकू आलं नाही. ती नंतर म्हणाली, जाळीत पाखरं कुजबुजल्यासारखं वाटलं. दारात उभ्या अप्पांनी ऐकलं. तानुबाईंनी तर ऐकलंच. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अक्काच हाय."

मी वाचत गेले. कुलूप, छकडे, विसावा दिवस. शेवटच्या ओळीनंतर मी गप्प झाले. आणि त्या काळोखात, आम्हा सगळ्यांच्या मध्ये, अगदी खाली, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आवाज आला.

"थांबू का?"

तानुबाईंनी हात पुढे केला. समोर काही नव्हतं. हात मात्र कुणाच्या तरी गुडघ्यावर ठेवावा तसा हवेत टेकला होता.

"थांब गं, अक्के," त्या म्हणाल्या. "पुरं झालं. लय वाचलंस. आता घरी चल."

आवाज बंद झाला. मी खूप वेळ कान देऊन उभी होते. खाली बिबट्यापाशी कुणाचं तरी पोर रडत होतं, बाहेर एसटीने हॉर्न दिला. खोलीत नुसती खोली होती. वात विझल्यावर जो धूर होतो त्याचा वास एकदा नाकाशी आला आणि गेला. अप्पा आत आले. सत्तावीस वर्षांनी त्यांनी तिथला एक कागद उचलला आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. त्यांच्या आवाजामागे काहीही आलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्याच दिवसापासून ते टेबल आत घेऊन कूलरसमोर बसू लागले, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

चिंच कधीचीच तोडली आहे. तिथे आता गाड्या लावतात. तानुबाईंनी दोन गाड्यांच्या मधली मूठभर माती पदरात बांधून घेतली. परतताना त्या गाडीत बहिणीच्या आठवणी सांगत होत्या, आणि सून हसत होती. त्यांच्या घरी मी चहा घेतला. भिंतीपाशी पाट मांडून त्यावर ती माती ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. येत्या पितरपाटात पहिला घास अक्काचा, असं ठरलं. परभणीला येताना मी गाडीतच झोपले. इतकं नीट पार पडलेलं काम माझ्या आयुष्यात दुसरं नव्हतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, शनिवारी, सकाळी आठ वाजता सुलाबाईचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती.

"बाई, तुमी येता का? आत्याबाई पहाटंपासून वाचायल्यात."

मी विचारलं, तानुबाई? काय वाचताहेत?

"तेच तर कळंना. हातात काईच न्हाई. अन् त्यांनी जलमात पाटी धरलेली न्हाई, बाई. त्यांला आपलं नावबी लिवाया येत न्हाई."

दहाच्या सुमाराला मी पोचले. लख्ख ऊन होतं. अंगणात ज्वारी वाळत घातली होती, कोंबड्या टिपत होत्या. ओसरीवर तानुबाई मांडी घालून बसल्या होत्या. चेहरा प्रसन्न. कुठे दुखत-खुपत नव्हतं, सकाळी भाकरीही खाल्ली होती. मांडीवर दोन्ही हात असे, एखादं पुस्तक उघडून धरावं तसे. आवाज त्यांचा स्वतःचा, म्हाताऱ्या बाईचा. फक्त प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर लांबत होतं.

मी शेजारी बसले. सुलाबाईने पाण्याचा तांब्या दिला आणि चहा ठेवायला आत गेली. तानुबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या वाचत होत्या.

"वैशाख वद्य तृतीया, शनिवार. परभणीहून बाई आली. ओसरीवर बसली. पाणी प्याली."

तांब्या अजून माझ्या हातात होता.

"सुलाबाईने चहा ठेविला. दूध नासले."

आतून पातेलं उतरवल्याचा आवाज आला. मग सुलाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, आत्ताच तर काढलं होतं दूध, असं कसं नासलं.

मी तांब्या खाली ठेवला. पर्स उघडून वही-पेन काढलं. कागद वाचणं माझं काम आहे; कागद नसला तर उतरवून घेणं. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि म्हटलं, सावकाश वाचा, मी लिहिते. त्यांनी मान हलवली. त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले. ऊन कुठवर येणार, कोणती कोंबडी ओसरीवर चढणार, शेजारीण कशाला डोकावणार. सगळं तसंच, थोड्या थोड्या वेळाने होत गेलं. संध्याकाळ लिहून झाली. दिवा लावणंही लिहून झालं. बाहेर अजून दुपारचे साडेबारा वाजले होते.

तानुबाई थांबल्या. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि रिकाम्या मांडीवरून हात उजवीकडून डावीकडे नेला. जाड, जुना कागद उलटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

"वैशाख वद्य चतुर्थी, रविवार," त्या म्हणाल्या, आणि वाचायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं.